शारजा किती लांब

चोलमुक्कमधल्या कुठल्याही शेंबड्या पोराला विचारा, शारजा किती लांब? किलोमीटर त्याला ठाऊक नसतात. तो म्हणेल, चार तास. करिपूरच्या माळावरच्या विमानतळावरून उडालेलं विमान आधी या गावच्या माडांवरून जातं आणि मग समुद्र धरतं. दिवसातून इतक्यांदा जातं की अंगणातल्या कोंबड्यासुद्धा मान वर करत नाहीत. कोळिक्कोडला बसने दीड तास, शारजाला विमानाने चार, असा इथला हिशेब. घराघरातला एक तरी पुरुष तिकडे असतो, त्यामुळे हा हिशेब शाळेत शिकवावा लागत नाही.

बिय्यात्तूलाही तो पाठ होता. तिचा नवरा मोइदूट्टी शारजाच्या एका धान्याच्या गोदामात उमेदीची सगळी वर्षं पोती उचलत होता आणि गुडघे कामातून गेल्यावर कायमचा घरी आला होता. बिय्यात्तू स्वतः मात्र कधी विमानात बसली नव्हती. तिला त्याची गरजही वाटली नव्हती. घर, दोन म्हशी, सुपारीची बाग आणि जिभेची धार एवढ्यावर तिने संसार रेटला होता. सायकलवरून मासे विकायला येणारा कुट्टन तिच्या दारात थांबायला घाबरायचा. माशाचा कल्ला उचलून ती अशी काही बघायची की त्याला वाटे, आता हा मासा आपल्याविरुद्ध साक्ष देणार. मशिदीच्या कारभाऱ्यांनाही तिने एकदा दारात उभं करून नळाच्या पाण्यावरून सुनावलं होतं. बाई फटकळ, पण आतबाहेर काही नाही, असं गाव म्हणायचं.

अशा या बाईची जीभ एकाच ठिकाणी मऊ पडायची. कुणी गल्फमधल्या माणसांच्या न येण्याबद्दल बोलायला लागलं, की ती हटकून म्हणायची, "अगं, लांब असतं ते. बोलायला काय जातंय?" चार तास पाठ असलेल्या गावात हे एक वाक्य ती सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं म्हणत आली. लोक ऐकून घेत, कारण का म्हणते ते सगळ्यांना ठाऊक होतं.

तिचा मानू साडेपाच वर्षांचा असताना गेला.

त्या वर्षी मोइदूट्टी रजेवर आला होता आणि घर बांधायला काढलं होतं. इथली जमीन म्हणजे वीतभर मातीखाली नुसता जांभा. ज्याला घर बांधायचं तो आपल्याच परसातला चिरा काढतो, विकत कोण घेणार? चिरे निघाले की मागे खड्डा राहतो, तो पुढे सवडीने मातीने बुजवतात आणि त्यावर माड लावतात. मोइदूट्टीच्या भिंती उभ्या राहिल्या आणि रजा संपली. छप्पर राहिलं, खड्डाही राहिला. जाताना बिय्यात्तूने त्याला दोनदा सांगितलं, तेवढा खड्डा बुजवून जा. तो म्हणाला, आधी छप्पर, खड्डा काय पळून जातोय, पुढच्या खेपेला बघू. सगळे असंच करत. निम्म्या गावाच्या परसात तसे खड्डे होते.

पावसाळ्यात खड्डा काठोकाठ भरला. शेजारची बदकं त्यात येऊन पडू लागली, आणि एका दुपारी मानू त्या बदकांमागे गेला.

पोराला बाहेर काढलं तेव्हा उशीर झाला होता. संध्याकाळी तिचा भाऊ बीरान नाक्यावरच्या फोनच्या दुकानात गेला आणि शारजाला मोइदूट्टीच्या गावकरी मित्राला, कोयाक्कांना, फोन लावला. कोयाक्का म्हणाले, काळजी करू नका, सकाळच्या विमानाला बसवतो. मयत जास्त वेळ ठेवू नये हे खरं, पण लहान मूल आणि बाप वाटेत, म्हणून मशिदीतल्या मोठ्यांनी दुपारच्या नमाजापर्यंत थांबायचं ठरवलं. कबरीत पडणारी पहिली मूठ माती बापाची असावी, एवढंच सगळ्यांचं म्हणणं होतं.

ती सकाळ बिय्यात्तू कशी विसरेल? वर विमानाचा आवाज आला की बायका बोलायच्या थांबत. उतरणारं विमान असलं की तिला वाटे, हेच. मग सूर्य वर आला आणि बीरान नाक्यावरून परत आला. त्याने ओसरीच्या खांबाला हात लावला आणि खाली बघत सांगितलं, "भावजींचा फोन होता. म्हणाले, जमत नाही, फार लांब आहे. वाट बघू नका."

पहिली मूठ मामाची पडली. इथल्या बायका कबरस्तानात जात नाहीत. मशिदीमागच्या त्या झाडीत पुरुषच जातात आणि पुरुषच परत येतात. बिय्यात्तूने ओसरीवरून तो छोटा जनाजा सुपारीच्या बागेआड जाईपर्यंत पाहिला, बस्स. खड्डा बीराननेच पुढे मजूर लावून बुजवला.

मोइदूट्टी दोन वर्षांनी आला. आला तो दोन दिवस पडून राहिला, मग उठून छपराची कौलं मोजत बसला. मानूचं नाव त्याने काढलं नाही. तिनेही काढलं नाही. माणूस परमुलखात एकटा रडला असेल, त्याची खपली कशाला काढायची, असा तिचा विचार. पण त्याची सख्खी बहीण एकदा लग्नघरी बोलून गेली, की अमक्याचा मुलगा बापाच्या मयतीला दुसऱ्या सकाळी हजर होता, मनात असलं की माणूस येतो. बिय्यात्तूने चार बायकांत तिचं तोंड बंद केलं. "समुद्र काय तुझ्या आज्याने बुजवलाय? पोती उचलणाऱ्याला विमान दारात येऊन उभं राहत नाही." त्या नणंदेशी ती पुढे कितीतरी वर्षं बोलली नाही. नवऱ्यासाठी इतकं भांडणारी बाई गावाने दुसरी पाहिली नव्हती.

मानूच्या मागची मुलगी सफूरा. ती मोठी झाली, लग्न होऊन शारजालाच गेली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं असतं, पण तिला डॉक्टरांनी विमानात बसायला मनाई केली, तेव्हा लेकीचं माहेरच उठून शारजाला निघालं. बाळंतिणीसाठी मेथ्या, उटणं, तेलाच्या बाटल्या, घरचे केळ्याचे वेफर्स असा सगळा पसारा खोक्यात बांधला. करिपूरला पोचवायला मोइदूट्टी आला. दाराशी निरोप देताना म्हणाला, "चार तासांचा तर प्रश्न आहे. डोळे मिटून पडून राहा."

तिने हो म्हटलं आणि आत गेली.

विमानात तिने जपमाळ काढून ठेवली होती. लांबचा प्रवास, मनाला आधार हवा. शेजारी एक तरुण आई तान्ह्या मुलाला घेऊन बसली होती. खाणं आलं, गेलं. खिडकीखाली पाणीच पाणी दिसत होतं आणि बिय्यात्तू मनाशी म्हणत होती, बघ किती लांब आहे, उगाच म्हणत नव्हते मी. मग पट्टा बांधायला सांगितलं. तिला वाटलं काहीतरी बिघडलं, विमान परत करिपूरला निघालं. शेजारचं तान्हं अजून पहिल्या झोपेतून उठलं नव्हतं. तिने त्या पोरीला विचारलं, कुठं आलो? पोरगी हसून, थोरल्या बहिणीला हाक मारावी तसं म्हणाली, "शारजा, इत्ता. पोचलो."

बाहेर भिंतीवरचं घड्याळ साडेबारा दाखवत होतं. दहाला निघालेली बाई साडेबाराला पोचली. घ्यायला आलेल्या जावयाला, मुनीरला, तिने पहिला प्रश्न हाच विचारला, अडीचच तास? मुनीर हसला. म्हणाला, "उम्मा, इथलं घड्याळ मागे असतं. चारच तास झाले, घाबरू नका."

अडीच काय आणि चार काय. गाडीत मागे बसून ती बाहेरचे उंच उंच खोके बघत राहिली. वायनाडला तिची बहीण राहते. दोन बसा बदलून जायला चार तास लागतात. बहिणीच्या नातीचे कान टोचले तेव्हा ती सकाळी गेली होती, जेवून आली होती आणि म्हशींची धार काढायला घरी हजर होती.

हा हिशेब तिने आयुष्यात पहिल्यांदा मानू गेला त्या दिवसाशेजारी ठेवला. चार तास हा शब्द तिच्या डोक्यात एका फळीवर होता आणि 'लांब' हा दुसऱ्या. दोन्ही एकत्र काढायची वेळच आली नव्हती, किंवा तिनेच येऊ दिली नव्हती. मोइदूट्टीपाशी एक संध्याकाळ होती, एक अख्खी रात्र होती, सकाळ होती. घरी पोर ओट्यावर वाट बघत निजलं होतं.

नातू झाला. बिय्यात्तूने लेकीचं अंग रगडलं, मेथीची पेज केली, बाळाला न्हाऊ घातलं. हात चालत होते. मोइदूट्टीचा रोज फोन यायचा, ती "बरी आहे" म्हणून फोन लेकीकडे द्यायची. सफूराच्या लक्षात आलं. तिने विचारलं, "उम्मा, उप्पांशी भांडलीस का?"

"भांडायला माणूस जवळ लागतं," बिय्यात्तू म्हणाली आणि बाळाचे लंगोट पिळायला गेली.

बाळाला बघायला एक दिवस कोयाक्का आले. पाठीत वाकले होते, पण अजून तिकडेच एक किराण्याची टपरी चालवत होते. खजुराचा डबा पुढे ठेवला, बाळाच्या मुठीत नोट कोंबली, गावच्या सगळ्या मेलेल्या-जगलेल्यांची चौकशी केली. सफूरा बाळाला घेऊन आत गेली. बिय्यात्तूने काळा चहा आणून दिला आणि समोर बसली. ताकाला जाऊन भांडं लपवायचा तिचा स्वभाव नव्हता.

"कोयाक्का, मानू गेला तेव्हा तुम्ही म्हणाला होता, विमानात बसवतो. का नाही बसवलंत?"

म्हाताऱ्याने चहाचा पेला दोन्ही हातांत धरला. मग म्हणाला, "त्याने मला शपथ घातली होती."

"माझं पोर होतं ते. तुमच्या शपथेला मी काय करू?"

कोयाक्कांनी पेला खाली ठेवला. हळूहळू सगळं बाहेर आलं. मालकाच्या घरी जाऊन पासपोर्ट त्यांनीच सोडवून आणला होता. गोदामातल्या पोरांनी मिळून तिकीट काढलं होतं. पहाटे कोयाक्कांनी स्वतः मोइदूट्टीला विमानतळाच्या दारापर्यंत सोडलं, आत जाताना पाहिलं आणि परत आले. दोन दिवसांनी गोदामात गेले तर हा पोती उचलत होता.

"मला आधी वाटलं, भूत बघतोय. बाजूला घेतलं. म्हणाला, नाव पुकारत होते, सगळे उठून गेले, मी बाकड्यावरून उठलोच नाही. मग तिथल्याच फोनवरून नाक्यावर निरोप दिला." कोयाक्कांनी डोळे पुसले. "म्हणाला, बिय्यात्तू मला विचारेल, खड्डा का नाही बुजवलास. काय सांगू? कोणतं तोंड घेऊन जाऊ? मोळे, पोरी गं, तो वाईट नाही. तो त्या दिवशी खचला."

"मी पण खचले होते," बिय्यात्तू म्हणाली. "मला कुठलं बाकडं होतं?"

कोयाक्का निघाले तेव्हा तिने त्यांना जेवायला थांबा म्हटलं नाही. मापिळ्यांच्या, म्हणजे इथल्या मुसलमानांच्या, घरात पाहुण्याला असं कुणी पाठवत नाही. नणंदेचं तोंड लग्नघरी बंद केलं होतं ते तिला आठवत होतं आणि मान वर करवत नव्हती. नणंद बिचारी खरं बोलली होती. ती आता हयातही नव्हती, नाहीतर पाय धरता आले असते.

चाळीस दिवस झाले, बाळाचं जावळ काढलं, आणि ती परतली. मोइदूट्टी करिपूरच्या कठड्याला टेकून उभा होता. तिला बघून त्याचा चेहरा उजळला, पिशवी घ्यायला हात पुढे केला, ती तिने दिली नाही. गाडीवाला पोरगा गावातलाच होता, म्हणून वाटेत ती बाळाचंच बोलली. घरी आल्यावर हातपाय धुतले, ओसरीवर बसली आणि म्हणाली, "कोयाक्का भेटले."

मोइदूट्टी उभा होता तो खाली बसला. एवढा दांडगा माणूस, पण खांदे एकदम पडले. म्हणाला, "विचार. इतकी वर्षं मी वाट बघतोय, तू कधी विचारशील खड्ड्याचं."

"खड्ड्याचं मी विचारणार नव्हते. तेव्हाही नव्हते. खड्डा मलाही दिसत होता, मीही माणूस लावून बुजवू शकत होते. हे मी रोज स्वतःला विचारते, तुम्हाला काय विचारू?" ती पुढे म्हणाली, "तुम्ही यायला हवं होतं एवढंच. माझ्याजवळ बसायला कुणी नव्हतं हो."

तो रडायला लागला. ती बघत राहिली. तिला त्याची दया आली आणि दया आली म्हणून स्वतःचा रागही आला. मग तिने ते विचारलं जे ती विमानात चढल्यापासून, खरं तर त्याच्याही कितीतरी आधीपासून, विचारायचं मनात धरून होती. मोठ्या मशिदीत शुक्रवारचा नमाज झाला की पुरुष मागच्या झाडीत जातात, आपापल्या माणसाच्या दगडापाशी उभे राहतात. मोइदूट्टी दर शुक्रवारी पांढरं धोतर नेसून जायचा आणि थोडा उशिरा परत यायचा. तेवढ्या वेळात तो मानूपाशी उभा असेल, असं ती चुलीपाशी बसून मनात बघायची. आपल्याला जाता येत नाही, पण तो जातो. नाव न काढता हे दोघांमध्ये चाललंय, असं तिने धरलं होतं.

"मला सांगा," ती म्हणाली, "कबर कुठल्या बाजूला आहे? वर झाड आहे का? एवढं सांगा, बाकी सगळं सोडून देते."

मोइदूट्टीने तोंड वर केलं नाही. "मला माहीत नाही."

"म्हणजे?"

"मी कधी आत गेलो नाही. फाटकाशी थांबतो. सगळे परत आले की त्यांच्याबरोबर येतो."

"बीरानला विचारलं नाहीत?"

"धीर झाला नाही."

बीरान करोनाच्या साथीत गेला. कबर खणणारे म्हातारे मुक्री त्याच्याही आधी गेले. डोक्याशी एक आणि पायाशी एक असे जांभ्याचे दगड असतात, नाव घालायची इथे रीत नाही. ज्याने ठेवला त्याला माहीत आणि त्याने दाखवलं त्याला. मानूचा दगड ज्याला माहीत होता तो कुणालाच न दाखवता गेला, कारण कुणी विचारलंच नाही.

बिय्यात्तू ओरडली नाही. ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. "चार तास आला नाहीत, ते मी एखाद वेळ गिळलं असतं," ती म्हणाली. "पण फाटकापासून आत जायला किती लागतं हो? माझं पोर हरवलंत तुम्ही. ते गेलं ते अल्लाची मर्जी. हरवलंत तुम्ही."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो न सांगता बाहेर पडला. दुपार कलली तरी आला नाही. आला तेव्हा धोतराला लाल माती होती आणि पोटऱ्यांवर काट्यांचे ओरखडे. ती ओसरीवर नारळ खवत होती. तो पायरीवर बसला, पाणी मागितलं नाही.

"सापडली नाही," म्हणाला. "त्या मयतीला असलेल्या म्हाताऱ्या पोक्करलासुद्धा घेऊन गेलो, त्यालाही ओळखू येईना. डोक्याशी-पायाशी जवळजवळ ठेवलेले दगड पुष्कळ आहेत. लहान मुलांचे."

खवणीवरचा हात थांबला नाही. "किती असतील?"

"मोजले नाहीत. तीसेक."

"मग सगळ्यांपाशी उभे राहा. एकेकापाशी. त्यातलं एक आपलं आहे."

तो तिच्याकडे बघत राहिला. "आत्ता?"

"आत्ता."

मोइदूट्टी गुडघ्यावर हात देऊन उठला आणि सुपारीच्या बागेतून खाली गेला. तो दिसेनासा झाल्यावर बिय्यात्तूने खवणी बाजूला सारली आणि ओढणीत तोंड न घालता, शेजारच्या तिन्ही घरांना ऐकू जाईल अशी रडली.